फारोच्या रथाचे चित्र असलेले पुस्तक

नागपूर, ता. ११ मे १९७३

तीर्थस्वरूप बन्यामिनभाऊंस,

हसकेलचा शालोम. कंबर धरली आहे, तरी तो वाकून केलेला समजावा. तुमचा दमा कसा आहे, वहिनींचा मोतीबिंदू पिकला की डॉक्टर अजून थांबा म्हणतात, ते सविस्तर कळवा. इकडे ऊन असे आहे की दुपारी पोस्टमन आला तरी दार उघडायची भीती वाटते. (पोस्टमनची भीती वेगळी, ती पुढे येईलच.) रिबका बरी आहे. फारच बरी आहे, आणि तीच माझी काळजी आहे.

तुम्ही पेणला चाळीस वर्षे हझान म्हणून उभे राहून प्रार्थना चालवलीत. मी चौथीतून शाळा सोडून रेल्वेत लागलो. हिब्रू अक्षरे मला लावता येतात, अर्थ लागत नाही. पण नागपुरात आपली यहुद्यांची चार घरे, आणि त्यांत अक्षरे लावणारे दोघेच, एक मी आणि दुसरा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला सॉलोमन. त्याचे वडील हझान होते, त्यामुळे त्याला अर्थही कळतो, पण तो देव मानत नाही. म्हणून वल्हांडण सणाच्या संध्याकाळी सुटकेची गोष्ट वाचायचे पुस्तक माझ्याच हातात येते. यंदा सणाच्या तीन दिवस आधी ट्रंक उघडली, तर वडिलांचे पुस्तक वाळवीने खाल्लेले. आपले लोक फारो राजाची गुलामी आणि मिसर सोडून निघाले तिथपासून थेट तांबड्या समुद्रापर्यंत एक ओळ शिल्लक नव्हती. मी तसाच जमिनीवर बसलो. (कंबर तेव्हाच धरली.) मग आठवले की आमच्या पोराने, रूबेनने, इस्राएलातून एका ओळखीच्या माणसाबरोबर सणाचे नवे कोरे पुस्तक पाठवले होते. देवच धावून आला असे मी म्हणालो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

रूबेन तिकडे किब्बुत्झवर राहतो हे तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांची मिळून एक शेती, सगळ्यांचे एक जेवणघर, आणि प्रार्थनेचा कोणी आग्रह धरत नाही. मी आता देव मानत नाही, तुम्ही काळजी करू नये, असे त्याने चार वर्षांपूर्वी पहिल्याच पत्रात लिहिले. तेव्हापासून रिबकाची झोप उडाली होती.

तर सणाच्या संध्याकाळी सगळे जमले. मनुकांचे सरबत, बेखमीर भाकरी, कडू भाजी, सगळे यथास्थित. शेजारचे शालिकराम दरवर्षीप्रमाणे आले. (त्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि आपल्या सणांची तारीख त्यांना माझ्याआधी ठाऊक असते.) मी वाचायला लागलो. चष्मा घामाने घसरत होता. पहिला पेला उचलायची वेळ आली, पण देवाच्या नावाचे 'बारुख अता' काही येईना. मला वाटले, नवी छपाई आहे, पुढच्या पानावर असेल. पुढच्या पानावर चाकांचे एक चित्र होते. फारोचा रथ म्हणून मी ते सर्वांना दाखवले. शालिकराम वाकून म्हणाले, "हे त ट्रॅक्टर होय गा, हसकेलभाऊ. माह्या भाच्यानं असाच घेतला." तिकडचे चित्रकार नव्या पद्धतीने काढतात, असे मी त्यांना समजावले आणि पुढे निघालो. इतक्या लोकांसमोर थांबायचे कसे, आणि थांबून विचारायचे कोणाला?

आता सॉलोमनचे ऐका. अकरा वर्षे हा माणूस येतो, पोटभर जेवतो, आणि आमेनच्या वेळी ताटाकडे बघतो. यंदा तिसऱ्या पानावर तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मग माझ्याबरोबर वाचू लागला. मग गाऊ लागला. शेवटी आमेन असे म्हणाला की रिबकाच्या हातातला डाव खाली पडला. त्याचे डोळे ओले होते. सॉलोमन सुधारतो, तर माझा रूबेन काहून नाही, असे ती रात्रभर म्हणत होती. (पन्नास वर्षे नागपुरात काढल्यावर आमच्या तोंडीही काहून येते.) पुढच्याच आठवड्यात तिने एलिया नबींच्या नावाने आभाराचा मलिदा केला. गूळखोबऱ्याचे पोहे, पाच फळे, गुलाब. सगळ्या आळीला वाटला. आता ती आठ तास झोपते.

आणि मग पोस्टमन आला. रूबेन लिहितो, बाबा, पुस्तक मिळाले का? आमच्या वस्तीने स्वतः छापले आहे. त्यात गव्हाची कापणी आहे, पाऊस आहे, गुलामगिरीतून सुटका आहे. देव तेवढा काढून टाकला आहे.

मी पत्र खिशात घालून भर उन्हात खापरखेड्याची बस पकडली. सॉलोमनने शांतपणे चहा ठेवला. म्हणाला, "हसकेलकाका, खोटं न बोलता आमेन म्हणायला मिळालं, ते आयुष्यात पहिल्यांदा. आता ते परत घेऊ?" चहा प्यायलो आणि परत आलो.

तेव्हा तुम्हीच सांगा. चार घरांचा सण झाला की नाही? आम्ही ट्रॅक्टरला आमेन म्हटले असेल, तर ते पोहोचले कुठे? दोष एकट्या माझ्यावर, की शालिकरामांवरही थोडा? (त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.) रिबकाला मी काही सांगितलेले नाही. सांगितले तर तिची झोप पुन्हा जाईल.

वहिनींना शालोम, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ,
हसकेल

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. पुढच्या वल्हांडणाला बन्यामिनभाऊंनाच बोलवायचे, आणि त्यांनी याच गुणी पुस्तकातून वाचायचे, असे रिबकाने ठरवले आहे. पुस्तक ती स्वतः तुमच्या हातात देईल. तुम्हाला पहिल्याच ओळीला कळेल. कृपा करून कपाळाला आठी घालू नका. जिथे देवाचे नाव गाळले आहे, तिथे तुम्ही ते तोंडपाठ घालून पुढे जा. त्या वेळी सॉलोमन पाणी प्यायला उठेल, असे मी त्याला सांगून ठेवतो.

ता. क. २. मी गोंद आणायला गेलो तेवढ्यात रिबकाने हे पत्र वाचले. ती रागावली नाही. म्हणाली, "अहो, पन्नास वर्षं ऐकतेय मी. पहिल्याच पेल्याला नाव आलं नाही, तेव्हाच कळलं. पण म्हटलं, याच घटकेला तिकडे माझा रूबेन हीच पानं वाचत असेल. नाव येत नव्हतं तिथे मी मनात घालत गेले." (तिकडे सूर्य तीन तास उशिरा मावळतो, हे मी तिला सांगितले नाही.) मग मलिदा कशाचा केलास, असे मी विचारले. ती म्हणाली, "पोरगा सणाला टेबलाशी बसतो तरी, त्याचा."

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी, येणे मात्र रद्द समजू नये. पुस्तकाला तिने खाकी कव्हर घातले आहे आणि वाळवी लागू नये म्हणून पानापानांत कडुलिंबाचा पाला ठेवला आहे. वडिलांच्या पुस्तकात मी तो कधी ठेवला नव्हता.