सात वाट्या

६ एप्रिल
एक्क्याण्णव किलो! शिबिरातल्या त्या पोरसवदा डॉक्टरनं आकडा एवढ्या मोठ्यानं वाचला की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, वजनाचं राहू द्या, हल्ली दगडफुलाचा वास जरा उशिरा येतो, त्याचं सांगा. तर म्हणतो, "वजन वाढलं की काहींचं नाकही मंदावतं, मावशी. आधी वजन कमी करा."

माझं नाक मंदावलं! तीस वर्षं अर्ध्या सेलूचा काळा मसाला मी याच नाकावर भाजतेय. लोक पिशवीत सामान घेऊन येतात, मी कढईपाशी बसते, वास पालटला की उतरवते. घड्याळ नाही, चाखणं नाही. नाक काय कमरेला बांधलेलं असतं?

आणि हे सगळं सुनेसमोर! अर्पिता मान खाली घालून उभी होती. हसत असणार.

७ एप्रिल
परीक्षाच दिली. डोळ्यांवर पदर बांधला. अर्पिताला म्हटलं, सात मसाल्यांच्या सात वाट्या कर आणि एकेक नाकाशी धर. मी हात लावणार नाही. लवंग, दालचिनी, शहाजिरे, जायपत्री, नागकेशर, धने, दगडफूल. दगडफूल अंधूक आलं — पण आलं. दर वाटीला ती म्हणाली, "बरोबर, आत्या."

सातपैकी सात! एक्क्याण्णव किलोला सातपैकी सात! ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं." एवढंच.

११ एप्रिल
चार दिवस रात्रीचं जेवण सोडलं होतं. उपाशी माणसाला वास जास्त येतो म्हणे. मला राग जास्त आला. आज चार धपाटे खाल्ले, लोण्याशी.

१५ एप्रिल
अर्पिताचा वीट आलाय. मी कढईपाशी बसले की ही पाठीशी उभी. "आत्या, उतरवू का?" तिळाला तेच, खोबऱ्याला तेच. मी उतरवणार त्याच्या नेमकं आधी! मसाला न्यायला आलेली एक बाई म्हणाली, "सून लय तयार झाली की तुमची." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

२१ एप्रिल
भांडण. वालूरच्या दत्तरावांच्या घरी लग्न आहे, वीस किलोचं सामान आलंय. म्हटलं, उद्या तू कढईकडे फिरकायचं नाही.
"आत्या, या खेपेला राहू द्या मला. मोठं काम हाय."
"नाक माझं हाय का तुझं?"
तिनं पिशवी भरली. संध्याकाळच्या गाडीनं परभणीला माहेरी गेली. जाऊ दे!

२२ एप्रिल
खोबरं जळलं.

धूर दिसला तेव्हा कळलं. दिसला! ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, वास मात्र नाही. दत्तरावांची बायको सरजाबाई समोरच बसली होती. म्हणाली, "तुमच्या हातून असं कधी झालं न्हाई." खोबरं मी भरून देणार. बाकीचं सामान तिनं परत नेलं नाही, शनिवारपर्यंत थांबते म्हणाली. पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही. ते लागलं.

२३ एप्रिल
डबे उघडून बसले. लवंग — नाही. हिंग — हिंगसुद्धा नाही! मग त्या दिवशी सातपैकी सात कसे आले?

२५ एप्रिल
अर्पिता आली. चप्पल काढायच्या आत तेच विचारलं. रडायलाच लागली. "सातही वाट्यांत धनेच होते, आत्या. होळीला पुरण करपायलं होतं अन् तुमी तिथंच उभ्या. तवाच शंका आली मला, म्हणून वाट्यांत तसं करून बघितलं. तोंडावर कसं सांगू?"

वजन त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून मी उतरवणार नाही. कढईही सोडणार नाही. सरजाबाईंचं सामान उद्या भाजायचंय. कढईपाशी दोन पाट मांडून ठेवलेत.