सतरा-ब

दि. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता मुद्दाम पत्र लिहितो आहे. फोनवर तू 'मी बरी आहे' एवढं म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्रात खोटं बोलायचं तर निदान दीड पान लिहावं लागतं.

बातमी अशी, की विमान कंपनीने छापील बोर्डिंग पास बंद केला. एक तारखेपासून काउंटरवर कागद मिळणार नाही; पास फोनवर येणार आणि दाराशी फोनच दाखवायचा. मी पडलो छापील अक्षरावर पोट भरणारा मुद्रितशोधक. मला हा माझ्या धंद्याचा अपमान वाटतो, पण कंपनीने माझं मत मागवलेलं नाही. तुझा फोन म्हणजे नुसती बटणं. त्यावर पास उमटायचा नाही. तेव्हा भाऊजींचा फोन बरोबर घे. चेक-इन मी इथून करून पास त्यांच्या नंबरवर पाठवतो.

आता अवघड मुद्दा. भाऊजींनी तिकिटं काढली ती दोघांची, जायची-यायची, एकाच नोंदीत. सतरा-अ तुझी खिडकी, सतरा-ब त्यांची. लेकीचं बाळंतपण मार्चात आणि तिकिटं ऑक्टोबरात! दुकानदारांची वजनमापं तपासण्यात जन्म गेलेला माणूस. जन्माला न आलेलं नातवंडसुद्धा त्यांनी वेळापत्रकात बसवलं. डिसेंबरात जे झालं तेवढंच त्यात नव्हतं. त्यांचं नाव नोंदीतून काढू का? तू म्हणशील तसं.

भाची रोज विचारते, आई नक्की येईल ना. दोन महिन्यांत तू कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे पाऊल टाकलेलं नाहीस, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आणू नकोस.

कळावे. लोभ आहे तो वाढवावा. निदान आटू देऊ नये.

तुझा,
पंडित


दि. ११ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मायन्यात तू सवयीने 'सौ.' लिहिलंस आणि मग खोडलंस. खोडताना शाई फिसकटली, त्यामुळे ते अक्षर सगळ्या पत्रात उठून दिसतं आहे. एवढा मोठा मुद्रितशोधक तू! एक तर लिहू नये, किंवा लिहिलं तर खोडू नये.

फोन माझ्याजवळच असतो. त्यांनी उशाशी ठेवला होता तिथेच रोज चार्ज करते. सकाळी तो त्यांना नावाने सुप्रभात म्हणतो आणि ऊन पडणार आहे की नाही ते सांगतो. घरात वावरताना मी तो खिशात ठेवते, तर संध्याकाळी त्यांना शाबासकी देतो, की आज तुम्ही अकराशे पावलं चाललात, कालपेक्षा दोनशे जास्त. आयुष्यभर मी त्यांना चालायला जा म्हणून सांगून थकले. आता ऐकतायत.

गेल्या आठवड्यात एका वाण्याचा फोन आला. तराजू तपासायला साहेब कधी येणार, असं विचारत होता. मी म्हटलं, बाहेर गेलेत. खोटं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं.

नाव काढून टाक. काढायलाच हवं, एवढं मला कळतं. मला मात्र ते करायला सांगू नकोस. आणि मी जाईन. बॅग काढून ठेवली आहे; भरलेली नाही, पण काढली आहे.

तब्येतीला जप. घरात सगळ्यांना आशीर्वाद, आणि तू आमच्यावर माया ठेव.

ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते काम झालं. काळजी नसावी.

एक तारखेला पास फोनवर येईल. दोन तारखेला दाराशी काळी काच दिसेल, तिच्यावर फोन पालथा धरायचा. हिरवा दिवा लागला की काचेची फळी उघडते, आपण आत जायचं. माणूस नसतो, त्यामुळे नमस्कार करायची गरज नाही.

मायना या वेळी न खोडता लिहिला आहे, तपासून घ्यावा. पत्र त्रोटक असलं तरी लोभ त्रोटक समजू नये.

पंडित


दि. ४ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

पोचले. लेकीची तब्येत ठीक. आज की उद्या असं चाललं आहे. आता विमानात काय झालं ते वाच, आणि वाचता वाचता चहाला उठू नकोस.

सगळे बसले, बॅगा वर गेल्या, पण दार काही बंद होईना. हवाईसुंदरी हातातलं मोजायचं यंत्र टिकटिकवत मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. एक डोकं कमी भरत होतं. दाराशी नोंद एकशे चव्वेचाळीस, खुर्च्यांवर माणसं एकशे त्रेचाळीस. मग तिने नाव पुकारलं. ह्यांचं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं; सतरा-बच्या प्रवाशांनी हात वर करावा. बाहेरच्या इमारतीतला भोंगाही उघड्या दारातून ऐकू येत होता. तिथेही तेच नाव, ही अंतिम सूचना आहे म्हणून.

पंडित, तीन महिने जो तो त्यांच्या नावाआधी 'कै.' लावतो आहे. बँक लावते, कचेरी लावते, शोकसभेच्या पत्रकावर तूच लावलंस. इथे त्यांना कुणीतरी नुसतं बोलावत होतं. उशीर झालाय, लवकर या, एवढंच.

मी तोंड उघडायला हवं होतं. वाटलं, घेऊ देत आणखी एकदा. त्यांनी सात वेळा घेतलं. अख्खं विमान माना वळवून दाराकडे बघत होतं आणि त्यांच्यात मीही बघत होते. मागचे एक गृहस्थ वैतागून म्हणाले, की बसला असेल कुठेतरी चहा ढोसत आणि आपण इथे लटकलोय. मला हसूच आलं. दोन तास आधी पोचल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नसे, त्यांच्याबद्दल हे!

इतक्यात दारात पावलं वाजली. भराभर येणारी, पुरुषाची. माझ्या हाताने सतरा-बवर ठेवलेली पिशवी उचलली, माझ्या मांडीवर घेतली आणि जागा मोकळी करून दिली.

आला तो कंपनीचा अधिकारी. आडनाव सारखं बघून त्याने मला विचारलं. तेव्हा मी म्हटलं, की ते येणार नाहीत, ते डिसेंबरात वारले. हे वाक्य मी तोंडाने पहिल्यांदा म्हटलं. आजवर कुणी ना कुणी माझ्या वतीने म्हणायचं. तो रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला, मग पास काचेला कुणी दाखवला म्हणून विचारलं. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले. त्याने काहीतरी लिहून घेतलं आणि दार लावलं.

तू तर नाव काढलं होतंस. मग तो पास आला कुठून? उलट टपाली कळव. इथे सगळ्यांची माया आहेच, तुझी कमी पडू देऊ नकोस.

ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पास मी पाठवला. नाव काढलंच नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी काढायला बसलो होतो. प्रवासी का जात नाही, म्हणून यंत्राने विचारलं आणि उत्तरंही स्वतःच सुचवली. बेत बदलला. आजारपण. चुकीची तारीख. चौथं उत्तर नव्हतंच. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द बिनदिक्कत खोडत आलो, पण त्या नावावर बोट ठेवलं की तुझं वाक्य आठवे, लिहिलं तर खोडू नये. उद्या करू म्हणत फोन मिटला. असे बारा उद्या झाले. मधल्या पत्रात ते काम झालं असं तुला लिहिलं. खोटं बोलायला दीड पान लागतं म्हणणारा मी, ते एका ओळीत उरकलं. एक तारखेला दोन्ही नावांपुढे खूण आधीच केलेली होती. मी पुढचं बटण दाबलं.

वाटलं होतं, फार तर तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी जाईल, कुणी परका येऊन बसणार नाही. तुला भर विमानात ते वाक्य म्हणावं लागेल, हे मनातही आलं नाही. संस्कृतात क्षमा मागायच्या अनेक तऱ्हा मला येतात. त्यातली एकही इथे लावावीशी वाटत नाही. रागाव. पण पत्र लिहून रागाव.

लोभ कमी झाला असेल तर तसंही कळवावं.

पंडित


दि. १७ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

नातीचा जन्म दहा तारखेला पहाटे. नाक आपल्या घरचं, म्हणजे तिचा काही इलाज नाही.

रागावले होते, चार दिवस. मग वाटलं, अर्धीच गोष्ट सांगून तुझ्यावर रागावणं बरं नव्हे. पास तू पाठवलास, पण पास स्वतःहून काचेवर पालथा पडत नाही.

दाराशी उभी राहिले तेव्हा फोनवर त्यांचा पास वर होता. बोटाने सरकवला की माझा. माझ्या मागे रांग होती, समोर काच. मला पक्कं कळत होतं मी काय करते आहे. गोंधळले होते असं कुणाला सांगू नकोस. मी त्यांचा पास आधी धरला. हिरवा दिवा लागला आणि फळी उघडली. मी हलले नाही. फळी तशीच उघडी राहिली, एक माणूस बॅग घेऊन आत जाईल इतका वेळ. मग आपोआप मिटली. मग मी माझा धरला आणि त्यांच्या मागून गेले. नेहमी तशीच जायचे, तेच पुढे असायचे.

त्या अधिकाऱ्याला हे कसं सांगणार?

कंपनीचा नियम असा निघाला, की जाताना जो बसला नाही त्याचं परतीचं नावही जातं. तुला जमलं नाही, मला जमलं नाही, ते नियमाने केलं. वीस एप्रिलच्या नोंदीत आता मी एकटी आहे. लेक म्हणते, इथेच राहा. राहायला आवडेलही, पण घर उघडायला हवं, आणि त्या वाण्याला खरं सांगायला हवं. जावयांनी मला नवा फोन घेऊन दिला आहे.

फोनवर विमानातल्या खुर्च्या दिसतात, रिकामी पांढरी आणि भरलेली करडी. आठ दिवस सतरा-ब पांढरी होती. परवा सकाळी बघितलं तर करडी. अर्ध्या विमानात जागा आहे, आणि कुणाला नेमकी तीच हवी होती! ती तू घेतलीस का? घेतली असशील तर आधी सांग. नाहीतर त्या दिवशी दाराकडे बघत बसेन.

आशीर्वाद. माया कमी झालेली नाही, तपासून घ्यायची गरज नाही.

ताई


दि. २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नातीला या पणजोबा-छाप मामाआजोबाचे आशीर्वाद. नाकाबद्दल मी तिची समक्ष माफी मागेन. अठरा एप्रिलला तिथे येतो आहे, आणि वीसला तुझ्याबरोबर परत.

सतरा-ब मी घेतलेली नाही. घ्यायलाच बसलो होतो, पण मी पोचेपर्यंत ती गेलेली होती. कुणी घेतली म्हणून कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी दुसऱ्या प्रवाशाची माहिती देता येत नाही असं अदबीने सांगितलं. मी फार खोदलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, की ज्यांनी घेतली त्यांचं चेक-इन झालेलं आहे. महिनाभर आधी चेक-इन होत नाही, असं मी म्हटलं. त्यांनाही ते पटलं. पुन्हा बघून सांगते म्हणाल्या, आणि मग फोन तुटला.

यंत्रं चुकतात. माझं हे मत छापील धरावं.

मी अठरा-ब घेतली आहे, तिच्या बरोबर मागची. तू खिडकीत बस आणि दाराकडे बघू नकोस. शेजारी कुणी बसलं तर त्याच्या डोक्यावरून मी तुला हाक मारीन. कुणी नाही बसलं तरी तिथूनच मारीन. फक्त पिशवी त्या खुर्चीवर ठेवू नकोस.

लोभ असावा, आपल्या तिघांचा.

पंडित