सदतीस नंबरची टोपी

ता. १४, शुक्रवार, सकाळी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

चि. लिहिलं आणि हात थांबला. अकरा वर्षं तुझ्या नावाआधी सगळे कै. लिहितात. असो. आम्ही तिघी मजेत आहोत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो तुझे बाबा होते तेव्हापासून कुरकुरतोय, त्याचं काय एवढं.

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. तुझ्या वेळी मी शेजारच्या शिंप्याकडून पत्र लिहून घ्यायची, आठवतं? मेला स्वतःचीच मतं घुसडायचा मध्ये. आता कुणाच्या दारात जावं लागत नाही. तुझ्या चिमणीने शिकवलं मला. चिमणी कसली, ताडमाड वाढलीय, आमच्या दारातून वाकून आत येते! खलाशांसाठी संस्था आहे इथे, तिथेच नोकरीला लागली. बंदरात जहाज लागलं की शिडी चढून वर जाते, पोरांना टोप्या, साबण, सिमकार्ड वाटते आणि दरडावते, "आधी घरी फोन लावा, मग चहा." एक म्हातारा कप्तान म्हणाला, "तुला काय माझी आई नेमलीय का गं?" तर ही म्हणते, "माझ्या बाबांचा शेवटचा फोन राहून गेला, म्हणून सांगते."

हे ती घरी येऊन हसत सांगत होती. मीही हसले होते तेव्हा.

तुझं जहाज बुडालं, त्यानंतर आठव्या दिवशी संस्थेच्या मॅडम घरी आल्या. हातात यादी, यादीत तू. तेव्हापासून त्या माणसांनी आमचा हात सोडला नाही. बुडालेल्या खलाशांच्या मुलांना ते शिकवतात, त्यात चिमणीचं सगळं झालं, वह्यांपासून चष्म्यापर्यंत. तुझ्या बायकोला तिथल्याच स्वयंपाकघरात घेतलं. मला विचारलं, "आजी, तुम्ही काय कराल?" म्हटलं, मला विणकाम येतं. मग मी टोप्या विणायला लागले. थंड बंदरांतल्या खलाशांना जातात त्या. आत कापडी पट्टी शिवायची, तिच्यावर विणणारीचा नंबर. माझा सदतीस. मॅडम पहिल्यांदाच म्हणाल्या, "आजी, टोपीचा डावा कान चार ओळी लांब होतोय तुमचा." लहानपणी तुझा डावा कान सारखा फुटायचा ना, म्हणून तुझ्या टोपीला तो लांब विणायची, हाताला सवयच लागली. सुधारायला गेले, जमलं नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला.

टोपी मिळाली की एखादा खलाशी त्या नंबरावर आभाराचं पत्र धाडतो. दर गुरुवारी हॉलमध्ये मॅडम ती मोठ्याने वाचून दाखवतात. सगळ्या बायका येतात. चहा असतो. बिस्किटं मऊ पडलेली असतात, पण फुकटच्या बिस्किटाला नावं ठेवू नयेत.

काल मॅडमनी पुकारा केला, "सदतीस नंबर! आजी, आता तुम्हाला वाचता येतं, तुमचं पत्र तुम्हीच वाचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी दारात उभी, तोंडभर हसू. तुझी बायको किटली घेऊन मधोमध थांबलेली. मी चष्मा पुसला, पाकीट फोडलं. पहिलाच शब्द, आई. त्याच्या खाली, डावा कान लांब आहे, ही तूच विणलीस ना.

तुझं अक्षर मी कधी वाचलं नव्हतं रे. पण कळलं.

मी वाचायला लागले, "बाईंना नमस्कार. टोपी उबदार आहे. इथे वारा फार. तुमचा आभारी आहे." मध्ये अडखळले तर चिमणी म्हणते, "घाई नको आजी, अक्षर फोडून वाच." संपल्यावर कोण टाळ्या! तुझ्या बायकोने किटली खाली ठेवून वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत वाचलं, आणि तेही खोटं.

मग घरी येऊन मोरीची कडी लावली, नळ सोडला आणि हसले. रडले नाही, हसले! माझं पोर जिवंत आहे. पोटभर हसून घेतलं. मग नळ बंद केला आणि तिथेच बसून उरलेलं पत्र वाचलं.

जहाज बुडण्याच्या आधीच्या बंदरात तू उतरलास तो परत चढलाच नाहीस. यादीत नाव तसंच राहिलं, ते तू राहू दिलंस. आता दुसऱ्या नावाने मासेमारीच्या बोटीवर आहेस. घर आहे, घरात बाई आहे, दोन लेकरं आहेत. देव त्यांना सुखी ठेवो, त्यांचा काय दोष. आणि लिहितोस, "तुम्हाला सगळ्यांना असंच सोपं पडेल असं वाटलं."

सोपं! हॉलच्या भिंतीवर पितळी पाटी आहे, बुडालेल्यांच्या नावांची. तुझी बायको दर गुरुवारी ती पुसते. सगळ्या नावांवरून फडकं एकदा फिरतं, तुझ्यावरून दोनदा. चिमणीच्या वर्षी शिकवायला संस्थेकडे एकच जागा होती. तुझ्याच जहाजावरच्या खानसाम्याची पोरगी राहिली. तिचा बाप खरोखर तळाशी आहे. ती आता बर्फाच्या कारखान्यात उभी असते, बोटं सुजलेली असतात. परवा मला म्हणाली, "आजी, एक टोपी मला पण विणा ना." तिच्या ताटातला घास आम्ही खाल्ला बाळा, आणि देणाऱ्यांना दुवा देत खाल्ला.

वर म्हणतोस, कुणाला सांगू नकोस.

त्या पोरीची टोपी कालच विणायला घेतली. ओळी मोजून दोन्ही कान सारखे घेतलेत. जमलं बघ.

आता नीट वाच. तुझ्या बायकोला एक आणि लेकीला एक, अशी वेगळी पत्रं लिही, स्वतःच्या खऱ्या नावाने. तिथून टपाल यायला वेळ लागतो, म्हणून सहा गुरुवार थांबते. सातव्या गुरुवारी मी हॉलमध्ये उभी राहीन आणि तुझं पत्र पुन्हा वाचीन, पहिल्या शब्दापासून, जसं लिहिलंयस तसं. मग मॅडमना पाटीवरून तुझं नाव काढायला सांगीन. पुढे ते आम्हाला ठेवतील, हाकलतील, काय ते होईल.

मला आता वाचता येतं.

थंडीत डावा कान जप. त्या दोघींना तुझी पत्रं आली की आई म्हणून सही करीन. तोवर,

विणणारी, नंबर सदतीस