संकष्टी आणि शंभर किलोमीटर

शनि. ८ नोव्हें.
सायकलवरून पडले. डाव्या कोपराला पाच टाके, मनगट मुरगळलंय. उजवा हात शाबूत आहे म्हणून हे लिहिता तरी येतंय. नवऱ्याला, स.ला, सांगितलं, चौकातल्या राउंडअबाउटवर एका पांढऱ्या यूटने, म्हणजे इथल्या पिकअप गाडीने, कट मारला. अथर्वला तेच सांगितलं, सायकल ग्रुपमधल्या वेनलाही तेच.

यूट नव्हती. रस्ता रिकामा होता. संकष्टी होती. काल संध्याकाळी सातला जेवले, त्यानंतर पहाटे फक्त एक कप कोरा चहा. साठाव्या किमीला डोळ्यांपुढे अंधारी, आणि थेट रस्त्याकडेच्या कर्बवर.

एकोणीस वर्षं हा उपास करतेय, अथर्व आठ आठवडे आधीच जन्मला तेव्हापासून. एकदाही चक्कर आली नाही. नेमकी सायकलवरच यायची होती! इथे या दिवसांत चंद्र अकराच्या पुढे उगवतो. स. म्हणाला, "आज तरी खाऊन घे." नाही खाल्लं.

रवि. ९ नोव्हें.
नवऱ्याने निकाल दिला. "पुरे झालं, मेधा. सत्तेचाळिसाव्या वर्षी कसली ही हौस? विकून टाकू ती सायकल."

हे कोण बोलतंय? जो तीन किमीवरच्या स्टेशनला गाडीने जातो आणि पार्किंगसाठी वीस मिनिटं घिरट्या घालतो. सात वाजले की आमचं अख्खं पॉइंट कुक उपनगर फ्रीवेकडे तोंड करून रांगेत उभं. पाच वाजता तोच रस्ता माझा असतो. तेव्हा घरातल्या कोणालाच माझ्याकडून काही नको असतं, नोकरीतल्या लॅबलाही नको असतं. हे सोडायचं? का म्हणून?

७ डिसें.ला ग्रुपचे शंभर किमी आहेत, जिलाँगला जाऊन परत. माझे पहिलेच. ते मी करणार म्हणजे करणार.

गुरु. १३ नोव्हें.
वेन सूप घेऊन आली. साठीची बाई, ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे हीच. चीनमध्ये होती तेव्हा पहाटे साडेचारला निघायची म्हणे. "माय सिटी, सेव्हन ओ'क्लॉक, रोड फुल. कार, स्कूटर, बस, एव्हरीबडी हॉर्न. सो वी गो बिफोर. देन वन डे डॉक्टर से, यू आर ओल्ड, स्टॉप. आय चेंज द डॉक्टर." मनापासून हसलो.

मग तिने फाइल काढली. त्या राउंडअबाउटबद्दल ती काउन्सिलला पत्र लिहितेय. फोटो, नकाशा, सगळं तयार. "युअर ॲक्सिडेंट इज व्हेरी गुड फॉर अस." मी फाइल मिटून तिला परत दिली.

मंगळ. १८ नोव्हें.
टाके काढले. मनगट वळतंय. पत्राचं डोक्यातून जात नाही. तो राउंडअबाउट वाईट आहेच, खरंच आहे, पण माझ्या यूटमुळे नाही. खरं सांगितलं तर स. म्हणणार, उपास बंद आणि सायकलही बंद. दोन्हीकडून मीच अडकणार.

शनि. २२ नोव्हें.
गुपचूप वीस किमी करून आले. हात दुखला, पण चालतंय.  आंघोळ करून गॅरेजमध्ये गेले तर सायकलचं पुढचं चाक गायब. त्याने ते गाडीच्या डिकीत ठेवलंय आणि किल्ली खिशात. पन्नाशीचा माणूस! आपल्याच बायकोचं चाक पळवतो! इतकी चिडले की भाजीत दोनदा मीठ पडलं. खाल्ली त्याने मुकाट्याने.

रवि. २३ नोव्हें.
वेनला खरं सांगितलं.  फोनवरच ओरडली, "सिक्स्टी किलोमीटर ऑन टी? आर यू क्रेझी?" पत्रातून माझा अपघात काढतेय. रागावली. पत्रापेक्षा चहावरून जास्त. तिचा नवा नियम: ग्रुपमध्ये रिकाम्या पोटी कोणी यायचं नाही, दर वीस किमीला तिच्यासमोर खायचं, नाहीतर परत पाठवणार.

मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. ७ डिसें. रवि. संकष्टी. बाप्पा, तूसुद्धा?

शनि. २९ नोव्हें.
जेवताना सांगून टाकलं. यूट नव्हती, उपास होता. स.ने घास खाली ठेवला. "तीन आठवडे मी पांढरी यूट दिसली की नंबर बघतोय, मेधा." हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, खूपच. तरी म्हटलं, खोटं बोलले ते चुकलं, पण सायकल सोडणार नाही आणि उपासही सोडणार नाही.

"मग चाकही मिळणार नाही."

अथर्व इतका वेळ फोनमध्ये होता. मान वर न करता म्हणाला, "आई, द फास्ट इज फॉर मी, राइट?"

"हो."

"देन आय गेट अ से. ईट समथिंग. आय'म नाइन्टीन, आय'म सिक्स फुट, इट वर्क्ड."

एकोणीस वर्षांत त्याला कधी विचारलंच नव्हतं.

शनि. ६ डिसें.
निर्णय झाला. संकष्टी करणार, पण उपाशी राहणार नाही. राजगिऱ्याचे लाडू आठ, उकडलेली रताळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. पाण्याच्या बाटलीत लिंबू, साखर, सैंधव. सगळं उपासाला चालतं, जर्सीच्या मागच्या खिशातही मावतं. इतकी वर्षं कोऱ्या चहावर राहायचा हट्ट माझा होता, बाप्पाने कधी मागितला नव्हता.

चाक अजून डिकीत. एकदा मागितलं, "नाही" म्हणाला. परत मागणार नाही. वेनला मेसेज केला, स्पेअर चाक आहे का? उत्तर: "थ्री. फाइव्ह फिफ्टीन."

रवि. ७ डिसें., पहाट
सव्वापाच. वेन चाक घेऊन हजर. हात जोडून देवाला सांगून आले, खात खात जाणार आहे, राग नको.

गॅरेजचं दार उघडल्यावर स. खाली आला. सदरा, चपला, केस उभे. वेनला म्हणाला, "मॉर्निंग."  जाऊन गाडीपाशी उभा राहिला. किल्ली हातात आहे. डिकी उघडलेली नाही.

उघडायची की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. मी वेनचं चाक बसवलं. ती हवा भरतेय, तोवर एवढं लिहिलं. पहिला लाडू त्याच्याकडे बघतच खाल्ला.