न उघडलेला पेपर

छत्रपती संभाजीनगर
शनिवार, ७ जून २०२५

प्रिय निशा,

तुझा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. गच्चीतला मोगरा यंदा वेड्यासारखा फुललाय. आली असतीस तर ओंजळभर फुलं नेली असतीस. सूनबाईंना आशीर्वाद सांग.

ईमेल न करता हातानं लिहितेय, आणि आजच माणसाकरवी तुझ्या घरी पोचवतेय. तुम्हा विभागप्रमुखांचे ईमेल हल्ली कारकून वाचतो म्हणे. हे तरी तू स्वतः वाचावंस.

विद्यापीठाच्या मुलांना मी स्पॅनिश लिहायला-वाचायला ऑनलाइन शिकवते, त्या वर्गातली रूपाली वैजापूरची. घरी नेटवर्क नाही, म्हणून वडील मापाडी आहेत त्या मार्केट यार्डात, कांद्याच्या गोण्यांना टेकून बसते. परीक्षेत तिचा कॅमेरा मध्येच बंद पडला. झाला संशय सुरू. पेपर कॉपी पकडणाऱ्या मशीनला दाखवला. मशीन म्हणालं, पेपरात लिहिलेल्या स्पॅनिश पत्राची सुरुवात गेल्या वर्षीच्या एका मुलाच्या पत्राशी जुळते. कॉपी! निकाल अडवला. एम.ए.चे प्रवेश बुधवारी बंद होतायत.

अगं, जुळणारच! पत्राच्या आरंभाची वाक्यं मी प्रत्येकाकडून पाठ करून घेते. सगळ्यांचीच जुळतात. पण बाकीच्यांचे कॅमेरे चालू होते ना!

काल तिचा फोन आला. "मॅडम, तुम्हीच म्हणल्या व्हत्या ना पाठ करा? मंग ती कॉपी कशी झाली?" मागून वडील, पुंडलिकराव, म्हणाले, "म्याडम, पोरीनं कुणाचं काय घेतलं तेवढं सांगा. आमी माफी मागून टाकतो."

काही घेतलेलंच नाही, आणि माणूस माफी मागायला तयार! 

मग निकाल अडवणाऱ्या समितीचा कागद पाहिला. खाली तुझी सही.

मी पाठ करून घेते त्यातलं पहिलं वाक्य मराठीत सांगू? 'तुमचं पत्र हाती आलं आणि घरात दिवा लागला.' आपल्या शाळेतल्या सिस्टर पिलारनी स्पॅनिशमध्ये शिकवलेलं. शाळा सुटल्यावर चॅपलच्या पायऱ्यांवर तूच ते माझ्याकडून म्हणून घ्यायचीस, चुकले की वेणी ओढायचीस. केवढ्यांदा हसायचो आपण! पेपर उघडला असतास तर पहिल्याच ओळीला ओळखलं असतंस. म्हणजे तू तो उघडलाच नाहीस. न वाचता एका पोरीला चोर ठरवलंस.

मशीनवर कसला राग धरू? त्याला सिस्टर पिलार कुठं ठाऊक!

सोमवारी सुनावणी आहे. तुझ्या कार्यालयातून मला निरोप आला, 'मॅडम, तुम्ही मानधनावर आहात, यात पडू नका.' पडले आहे. ती वाक्यं मीच शिकवली असं लेखी दिलंय, आणि सोमवारी मी रूपालीच्या शेजारी बसणार आहे.

उद्या रविवार. पेपर मागवून वाचायला अर्धा तासही लागणार नाही. वाचावासा वाटला नाही, तर सुनावणीत मला सत्या म्हणू नकोस. सगळ्यांसारखं 'सत्यभामाबाई' म्हण.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
सत्या