ढब्बूचं घर

प्रिय रुचिरा,

ढब्बूचं घर पुरं झालं. मनस्वीने तुला फोनवर दाखवलं असेल. कडेच्या खोलीत ठेवलं आहे, तुझं कपाट होतं त्या भिंतीला लागून. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. प्लायवूडचं. मिरजोळ्याला आमच्या कंपनीशेजारी गुरुप्रसाद म्हणून फर्निचरवाला आहे, त्याने कापून दिलं. कासवासाठी हवंय म्हटल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री केली. मग आतले कोपरे घासून गोल करून दिले.

तळाला जाड प्लास्टिक, त्यावर माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, चार बोटं. एका टोकाला उष्णतेचा दिवा. त्याच्याखाली पस्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सव्वीस. दोन्हीकडे तापमापक लावले आहेत. वर दिव्याची एक पांढरी नळी आहे, ती उन्हाचं काम करते. पावसात ऊन नसलं की कवच मऊ पडतं म्हणे. लपायला अर्धं मडकं पालथं घातलं आहे. पाण्याला मातीची परळ, हनुवटीपर्यंतच पाणी येईल इतकी उथळ. दिवे सातला लागतात, सातला विझतात. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. हे सगळं मुंबईच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओवर सांगितलं. इथले डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचा हात गाईम्हशींवर बसलेला. त्यांनी ढब्बूला उलटसुलट करून पाहिलं आणि मुंबईचा नंबर दिला.

हे जूनमध्येच करायला हवं होतं. मनस्वी त्याला माझ्याकडे ठेवून गेली तेव्हा उन्हाळा होता. कोल्हापूरला तुझ्या भावाकडे कुत्रा आहे, म्हणून ढब्बू इथे. तेवढं सोडून तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तो दिवसभर अंगणात फिरायचा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं खायचा. पाऊस लागल्यावर मी माळ्यावरची माशांची जुनी काचेची टाकी काढली आणि त्याला तिच्यात ठेवलं. कासवाला काच कळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पलीकडे दिसतं, म्हणून तो चालत राहतो. टाकी पडवीत होती. तो सकाळपासून एकाच काचेला धडका द्यायचा, पश्चिमेच्या. मी कामावर असायचो. आई समोर बसून असायची.

आईचं माहेर केळशीचं, तुला माहीत आहे. तिच्या वडिलांच्या जाळ्यात कासव आलं तर ते त्याला हळदकुंकू लावून, नमस्कार करून पाण्यात सोडत. माझ्या वडिलांनीही बोटीवर तेच केलं. जमिनीवरचं कासव वेगळं आणि समुद्रातलं वेगळं, हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. बोलायची वेळच आली नव्हती. नारळी पौर्णिमेला आई नारळ घेऊन किनाऱ्यावर गेली. बरोबर पिशवीतून ढब्बूला नेलं. त्याला कुंकू लावलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडलं. मी घरी आलो तेव्हा टाकी धुऊन उपडी घातलेली होती. विचारलं तर म्हणाली, "देवाला कोन असा कोंडून ठेवतो काय रे? दोन महिने झाले, घरची वाट शोधत हुता. सोडून आले."

मी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भागोजी समोरून येत होता. वडील बोटीचे तांडेल होते तेव्हा हा त्यांच्या हाताखाली खलाशी होता. होडीला फुलं बांधायला आलेला. लाटेने उलटंपालटं होणारं काहीतरी दिसलं, म्हणून त्याने उचललं. ढब्बूला त्याने आपल्या शर्टात गुंडाळलं होतं. तांडेलाच्या घरात राहून याला पोहता कसं येत नाही, असं त्याने मला विचारलं. मी हसलो असेन. ढब्बूच्या नाकातून पाणी येत होतं.

आई म्हणाली, देव परत आला, त्याला आपल्याकडेच राहायचंय. तिने पुन्हा कुंकू लावलं. मी तिला काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी हे घर बांधायला घेतलं. आठ दिवस लागले. तोवर तो माझ्या खोलीत खोक्यात होता, दिव्याखाली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. फुप्फुसात पाणी गेलं आहे, ऊब आणि कोरडी हवा मिळाली तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं मी द्यायला शिकलो. पुढच्या पायात, एक दिवसाआड. नव्या घरात त्याने एकदा दिव्यापासून मडक्यापर्यंत फेरी मारली आणि जास्वंदीची दीड पाकळी खाल्ली. मी ते वहीत लिहून ठेवलं.

दोन आठवड्यांपूर्वी बुधवारी सकाळी तो मडक्यात मेलेला सापडला. शेवग्याखाली पुरला. आईला वाटतं, तो भुशात खोल शिरून झोपला आहे. दिवे रोज लागतात. मी बंद केलेले नाहीत.

त्यानंतर दोन रविवार मनस्वीचा फोन आला. दोन्ही वेळा मी तिला घर दाखवलं, तापमान वाचून दाखवलं. ढब्बू मडक्यात झोपलाय म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, त्याला उठवू नका." तिसरा रविवार मला जमणार नाही.

म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीने कोल्हापूरला येतो. हे मी तिला समोर बसून सांगणार आहे. सांगताना एवढंच सांगेन की अंगणातून तो पाण्यात गेला, माझं लक्ष नव्हतं. आजीचं नाव घेणार नाही. तिच्यासाठी आजी आहे तशी राहू दे. तू तेव्हा खोलीत असशील, आणि खरं काय ते तुला ठाऊक असायला हवं, म्हणून आधी लिहिलं. तू मध्ये बोलू नकोस. अकरा वर्षं तू माझ्याकडे एकच वाक्य मागत होतीस. दरवेळी मी बाहेर जाऊन उभा राहायचो, किंवा भांडी आवरायला घ्यायचो. शेवटच्या दिवशी बॅग दारात ठेवून तू पुन्हा विचारलंस, आणि मी रिक्षा आली का ते बघायला गेलो. तर रुचिरा, आईचं चुकलं. तेव्हाही चुकलं होतं. हे मी फक्त तुला लिहितो आहे. वाचून झालं की पत्र फाडून टाक. घरी यायला नको असेल तर तसं कळव, मी स्टँडवरच थांबेन, तू तिला तिथे घेऊन ये.

तुझा,
सागर