कोरड्या महिन्यांचे आकडे

ता. ९ मार्च

चि. बोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, पण तुझ्या शीतपेय कंपनीच्या अहवालाचं गुळगुळीत पुस्तक दुकानात आलं. ‘परिसरातल्या विहिरींची पातळी होती तशीच आहे’ हे वाक्य तुझंच असणार, अहवाल तूच लिहितोस ना. लहानपणी दूध सांडलं तरी तू असंच गोड सांगायचास.

धुलाईच्या दुकानामागची आपली विहीर जानेवारीतच तळाला गेली. आठवड्यातून तीनच दिवस कपडे घेते. शेजारीण इथल्या तुमच्या कारखान्यात बाटल्या धुवायची. दिवसभर हात पाण्यात, आणि घरी आल्यावर टँकरच्या रांगेत. आपल्या नळाला पाणी का नाही, असं तिनं तिथल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले की एवढे प्रश्न पडत असतील तर घरी बसा. दुसऱ्या दिवशी तिला फाटकातून आत घेतलंच नाही.

तुला दोष देत नाही रे. एवढंच कळव, पातळी मोजली कुणी आणि कधी?

छकुलीला पापा.
तुझी,
ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाक्य माझंच. टेबलावर आलेल्या आकड्यांवरून लिहिलं. विहिरीत डोकावायला मी कुठे आलो होतो?

तुझं पत्र आल्यावर कंपनीसाठी विहिरींचं पाणी मोजणाऱ्या काकांना गाठलं. ते म्हणाले की ते दर महिन्याला मोजतात, पण वरचे लोक पावसाळ्यानंतरचे दोनच महिने उचलतात. उरलेल्या दहा महिन्यांचे कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले. आपली विहीर त्यात आहे, ताई. सहा वर्षांत अठरा हात खाली.

माझ्या साहेबांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, छापलेले आकडे खरेच आहेत ना, मग झालं. कारखान्याला आणखी दोन कूपनलिका हव्यात. त्यासाठी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे जनसुनावणी आहे, आणि तिथे अहवाल मीच वाचायचा आहे. राहतं घर कंपनीचं, छकुलीची शाळाही कंपनीची. मी काय करू?

तुझ्या धाकाला अजून भिणारा,
बोका

ता. २ एप्रिल

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

काय कर, हे मी सांगणार नाही. बोल म्हटलं आणि तुझं घर गेलं, तर मला अन्न गोड लागणार नाही. गप्प बस म्हटलं, तर शेजारणीच्या तोंडाकडे बघवणार नाही. त्यापेक्षा सौ.शी बोल. ती आपल्या दोघांपेक्षा शहाणी आहे, हे मी लग्नातच ओळखलं होतं.

काहीही ठरवलंस, तरी माझा भाऊच राहशील. त्यातून सुटका नाही.

ताई

ता. २४ एप्रिल

चि. बोक्यास,
आशीर्वाद, आणि थोडा राग.

तू बोलायला उठलास तेव्हा मी मागच्या खांबाशी उभी होते. बाराही महिन्यांचे आकडे वाचलेस. तुझ्या साहेबांनी दोनदा खाली बसायला सांगितलं, तू वाचत राहिलास. आपल्या विहिरीच्या आकड्यापाशी आलास आणि कागद खाली ठेवलास. तेव्हा ते काका उठून म्हणाले की हे मोजमाप माझ्याच हातचं आहे, पुढचं मी वाचतो. मग शेजारीणही उठली. तिनं आपलं काम कसं गेलं ते न रडता सांगितलं.

नव्या कूपनलिकांना नकार मिळाला. जुन्यांपैकी दोन पाऊस पडेपर्यंत बंद. शेजारणीच्या तक्रारीची चौकशी लागली आहे. काम अजून मिळालेलं नाही. आपल्या विहिरीतही अजून काही नाही. तुला कामावरून काढल्याचं काकांकडून कळलं.

राग याचा, की भरल्या सभेत साहेबांना भ्याला नाहीस आणि बहिणीच्या दारात यायला भ्यालास. परस्पर गाडी धरून गेलास. मी तुला काय विचारणार होते रे?

दुकानावरच्या दोन्ही खोल्या झाडून घेतल्या आहेत. सौ.ला सांग, पाणी जपून वापरावं लागेल. जागा मात्र भरपूर आहे. छकुलीसाठी इथल्या शाळेत बोलून आले आहे. कधी निघताय, तेवढंच कळवा.

माया आहेच, ती मागायची नसते.
तुझी,
ताई